फोटोतली गारपीट

चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात उकंडराव सरपंचांनी मनाशी जो हिशोब मांडला, त्यात बेरजेची चूक नव्हती. गावात गारपीट झाली असं सरकारी कागदावर आलं, की त्यांचा शेतसारा सुटणार होता. सोसायटीचा हप्ता पुढच्या सालावर जाणार होता. दिवाळीनंतर सोसायटीची निवडणूक होती, तिथं ‘गावासाठी मदत ओढून आणणारा माणूस’ म्हणून मिरवता येणार होतं. आणि एवढं सगळं होऊन पंधरा एकर गहू शेतात सोन्यासारखा उभा होता, तो घरी येणारच होता. खर्चाच्या बाजूला होता एक फोटो.

अडचण एवढीच, की त्यांच्या शेतात गार पडली नव्हती.

गावात पडली होती, हे मात्र खरं. त्या शुक्रवारी दुपारी आभाळ नाल्याच्या बाजूनं काळं झालं आणि घटकाभरात नाल्यालगतचा एक पट्टा झोडपून निघून गेलं. गारेला जातपात कळत नाही म्हणतात. पण त्या दिवशी तिनं बरोबर बारक्या तुकड्यांची शेतं शोधली. बौद्ध वस्तीतल्या लोकांचा हरबरा, दोन-चार लहान कुणब्यांची करडई. उकंडरावांचा गहू गावाच्या दुसऱ्या अंगाला. तिथं चार थेंब पडले, तेही उपकार केल्यासारखे.

त्या पट्ट्यात भिवाजी मेला. पन्नाशीचा माणूस, दोन एकर हरबऱ्याचा मालक. बायको भागिरथा जवळच्या रिकाम्या गाडीखाली शिरली, तिनं धाकट्या लेकीला, बेबीला, पोटाशी धरलं. भिवाजी सोडलेला बैल आणायला धावला आणि नारळाएवढी नाही, पण लिंबाहून मोठी एक गार त्याच्या डोक्यात बसली. भागिरथेनं ते गाडीखालून पाहिलं. मदतीला माणसं जमेपर्यंत ऊन पडलं होतं.

पोलीस पाटील जानराव दिवस मावळताना आले. तोवर गारांचं पाणी झालं होतं आणि पाण्याची माती. समोर दिसत होतं ते एवढं: फुटलेलं डोकं, शेजारी बांधाचा दगड. ठाण्याला कळवावं तर प्रेत गाडीत घालून न्यावं लागणार, दोन दिवस जाणार, वर चार प्रश्न. जानराव हे उकंडरावांचे चुलतभाऊ. पण उकंडराव फायद्यासाठी हलत, जानराव त्रास टाळण्यासाठी. त्यांनी कागदावर लिहिलं: ‘दारूच्या नशेत बांधावरून पडून, डोक्यास दगड लागून मयत.’ अकरा वर्षांच्या पोलीस पाटीलकीत या वाक्यानं त्यांना कधी दगा दिला नव्हता. नशेत पडलेल्या माणसाबद्दल वरून कोणी काही विचारत नाही.

भागिरथेला हे पाचव्या दिवशी कळलं. शाळेच्या गुरुजींनी दाखल्याची नक्कल वाचून दाखवली. ती तशीच जानरावांच्या दारात गेली.

“पाटील, हे काय लिवलं तुमी?”

“काय लिवलं?”

“दारू लिवली.”

“अवं, काही तरी लिवाच लागते. कायी जागा सोडता येत नाई सरकारी कागदात.”

“मंग गार लिवाची. गारीनंच मेला तो.”

“गार मले दिसली नाई. मले दगड दिसला.”

“न दारू दिसली?”

जानरावांनी तंबाखू मळायला घेतली. भागिरथा उभीच होती.

“छपन्न साली दीक्षा घेतली त्या मानसानं. पायी गेला होता नागपूरले. तवापासून थेंब नाई घेतला. सोयऱ्याच्या लग्नात लोकं पीत होते, तर हा बाहेर बैलापाशी बसे. वस्तीतली भट्टी त्यानंच बंद केली. पोरायले तोच शपथ दे दर पुनवेले.”

“आता मेल्यावर त्याले काय फरक पडते?”

“त्याले नाई पडत,” भागिरथा म्हणाली. “मले पडते.”

खरा फरक वस्तीत पडायला लागला होता. भट्टी बंद झाल्याचा राग काहीजणांच्या पोटात अठरा वर्षं मुरत होता, त्यांना आयता कागद मिळाला. पारावर हसून बोलणं सुरू झालं: भिवाजी बी लपून घेत होता म्हना! सरकारनंच लिवलं, आता काय सांगता. भागिरथा पाणी भरायला गेली की बोलणं थांबायचं, आणि ते थांबणं तिला जास्त ऐकू यायचं.

पहिले आठ दिवस त्या गारेचा कोणालाच उपयोग नव्हता, म्हणून कोणालाच ती आठवत नव्हती. नवव्या दिवशी बातमी आली, की शेजारच्या दोन गावांची नावं गारपिटीच्या यादीत लागली आणि पंधरवड्यानं तहसिलीतले साहेब स्वतः पाहणीला येणार. उकंडरावांना गारपीट एकदम आठवली. ते दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं कारंज्याला गेले.

कारंज्याला कापसाच्या बाजाराच्या मागं रामधनचा फोटो स्टुडिओ होता. रामधनची ख्याती मेलेल्या माणसांवर फुलं पाडण्यात. कोणाच्या बापाचा जुना फोटो घेऊन जा. चार दिवसांनी त्यावर वरून फुलं पडताना दिसायची, आणि ती चिकटवल्यासारखी नाही, खरंच पडतायत अशी. पुढची फुलं मोठी आणि पुसट, मागची बारीक आणि ठळक. एकदा एका व्यापाऱ्याच्या आईमागं त्यानं उदाचा धूर सोडला होता, तर घरातल्या सुनेनं फोटो भिंतीवरून उतरवून मागं पाहिलं म्हणतात.

“गारा पाडता येतील का?” उकंडरावांनी विचारलं.

रामधननं चष्मा कपाळावर चढवला. “किसके ऊपर?”

“गव्हावर.”

“पाडू की. फुलं पाडली, अक्षदा पाडल्या. गारा म्हणजे काय, देवाच्या अक्षदा.” मग त्यानं कसं ते समजावलं, कारण आपली कला समजावल्याशिवाय त्याला भाव सांगता येत नसे. “हे पहा सरपंचसाहेब. काळ्या मखमलीपुढं पांढरं काही उडवायचं न त्याचा फोटो काढायचा. फिल्मवर उलटं येते: काळं तेवढं काचेवानी साफ, पांढरं तेवढं काळं. ती फिल्म शेताच्या फिल्मवर ठेवायची न दोन्हीतून एकदम उजेड सोडायचा. शेत जसंच्या तसं उमटते, न काळे ठिपके उजेड अडवतात, तिथं कागद पांढरा राह्यते. झाली गार!”

“कोनाले ओळखू येईन?”

“खराब काम केलं तर पोरालेही येईन. माह्यं काम केलं तर मले येनार नाई.”

निम्मे पैसे आधी, निम्मे काम फत्ते झाल्यावर, असं ठरलं. उकंडरावांना नुसतं शेत नको होतं. फोटोत माणूस हवा होता. रडणारी बाई असली की कागद वजनदार होतो, हे त्यांना पंचायतीत कळलं होतं. ते संध्याकाळी वस्तीत आले, भागिरथेच्या ओट्यावर बसले. सरपंच ओट्यावर बसलेले वस्तीनं पहिल्यांदाच पाहिले.

“भागिरथे, तुह्यं काम मी करतो. जानरावले सांगून तो कागद बदलवतो.”

“कवा?”

“गावात गारपीट झाली असं साहेबानं लिवलं का लगेच. आता गारच झाली नाई म्हनतात, तर गारीनं मेला असं जानराव कसं लिवनार? तूच सांग.”

भागिरथेनं यावर विचार केला. त्यात तिला खोट सापडली नाही. खोट नव्हतीही; उकंडराव खोटं बोलत तेव्हा आतला हिशोब नेहमी खरा असायचा.

“मले काय करा लागन?”

“फोटोत उभं राह्याचं. माह्या गव्हात.”

“माहा मानूस तुमच्या गव्हात नाई मेला, सरपंच.”

“अवं, फोटोत माती सारखीच दिसते.”

ती म्हणाली, “कागद बदलला पायजे.”

“बदलन. जानराव माह्या शब्दाबाहेर नाई.”

रविवारी सकाळी रामधन कॅमेऱ्याची पेटी, तीन पायांचं तिकाटणं आणि मखमलीची गुंडाळी घेऊन पहिल्या एस.टी.नं उतरला. उकंडरावांनी गव्हाचा एक कोपरा बैल फिरवून तुडवून घेतला होता. पाव एकर, तेही बैलांना खायला घालता येईल असं पाहून. जमिनीवर घागरी ओतून ओल केली होती. रामधननं पिशवीतून डांबरगोळ्या काढल्या, कपड्यात ठेवतात त्या, आणि ओल्या मातीत पसरल्या.

“कशा वाटतात?” त्यानं भागिरथेला विचारलं. तिथं हजर असलेल्या मोठ्या माणसांत खरी गारपीट जवळून पाहिलेली तीच एकटी होती, आणि रामधन जाणकाराला विचारल्याशिवाय काम करत नसे.

“ह्या गोट्या हायेत,” भागिरथा म्हणाली. “गार अशी गोल नसते. कोन होते त्याईले. मधी दुधावानी, कडेले काच.”

“म्हणजे कशावानी?”

“खडीसाखरेवानी.”

रामधननं टाळी वाजवली. “बरोबर! उजेड आत शिरला पाहिजे. गोळीत उजेड शिरत नाई, म्हणून ती मेली दिसते.” त्यानं डांबरगोळ्या वेचून परत पिशवीत टाकल्या.

खडीसाखर उकंडरावांच्या घरी होती. माघातल्या सप्त्याच्या प्रसादातली उरलेली, दीड-दोन शेर. ती आली, तेव्हा उकंडरावांनी ती हातानं तोलून पाहिली आणि जानरावांना म्हणाले, “मोजून परत घ्यायची.” मोठे खडे कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, मधले मध्ये, भुगा मागं, असं रामधननं स्वतः बसून मांडलं. जवळचं मोठं आणि लांबचं बारीक दिसलं नाही, तर डोळा फसत नाही, हा त्याचा पहिला नियम होता. दुसरा नियम उजेडाचा.

“आता थांबायचं,” तो म्हणाला.

“कायले?” उकंडराव म्हणाले.

“ऊन हाय. उन्हात गार पडली तर प्रत्येक खड्याची सावली येईन, न सावली सगळं सांगून टाकते. ढग आला पाहिजे.”

ढग यायला तयार नव्हता. सगळे बांधावर बसून राहिले. भागिरथा तुडवलेल्या गव्हात उभी होती, कारण रामधननं तिच्या पायांची जागा काडीनं आखून दिली होती आणि तिला वाटलं, हललं तर काम बिघडेल. बेबी तिच्यामागं पदर धरून. साताठ वर्षांची पोर किती वेळ पदर धरणार? तिनं वाकून एक गार उचलली आणि तोंडात टाकली.

“गोड हाय वं माय!”

भागिरथेनं मागं वळून पाहिलं. तिनं पोरीच्या तोंडात बोट घालून तो खडा बाहेर काढला आणि लांब फेकला. पोर रडायला लागली. जानराव हसले. “खाऊ दे वं, परसादच हाय.” भागिरथा परत आखलेल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

पावणेदोन तासांनी एक ढग आला, मोठा आणि मळका. रामधन काळ्या कापडाखाली शिरला. “बाई, वर पहा. रडू नका. गार पडतांना माणूस रडत नाई, भितो.” भागिरथेनं वर पाहिलं. तिला भ्यायला काही करावं लागलं नाही.

दुपारी उकंडरावांच्या गोठ्यात दुसरं काम सुरू झालं. भिंतीवर मखमल ताणली, दाराची फळी काढून उजेड बाजूनं घेतला. वरून गारा टाकायला कोण? सालगड्याला सांगितलं तर गावभर होईल. म्हणून शिडीवर चढले पोलीस पाटील जानराव, कमरेला खडीसाखरेची आणि साबुदाण्याची पिशवी बांधून. खाली शिडी धरायला सरपंच. भागिरथेला रामधननं मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

जानरावांनी पहिली मूठ सोडली.

“असं नाई,” भागिरथा म्हणाली. “हे तं परसाद वाटल्यावानी झालं.”

“मंग कसं?”

“जोरात मारा, पाटील. गार मारत होती.”

जानरावांनी जोरात मारली. रामधननं फोटो काढला नाही. तो भागिरथेकडं पाहत राहिला. तिनं मान हलवली. “सरळ नव्हत्या. तिरप्या. नाल्याकडून इकडं.” शिडी तिरपी होईना, म्हणून रामधननं कॅमेराच कलता बांधला. सरळ पडलेली साखर फिल्मवर तिरपी होणार. या युक्तीवर तो स्वतःच खूष होऊन हसला. भागिरथा हसली नाही. ती मखमलीकडं बघत होती.

“पयले एक-एक येते,” ती म्हणाली. “मोठी. थांबून थांबून. मानसाले वाटते झालं. मंग दाट होते, तवा बारीक न मोठी सारी मिसळून. बारीक मांगून दिसते धुक्यावानी, न मोठी त्यातून निघते.”

रामधननं साबुदाणा मखमलीच्या अगदी जवळून पाडायला लावला, खडे मध्ये, आणि दोन ढेकळाएवढे तुकडे स्वतःच कॅमेऱ्याच्या नाकासमोरून सोडले. दाट आणि विरळ असे वेगवेगळे पाच फोटो घेतले. इतकं मन लावून त्याला कामाचं कधी कोणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक सांगतं, ‘फुलं जास्त टाका’. ही बाई सांगत होती, कुठं कमी टाका.

“अजून काही?”

“पडली का उडते,” ती म्हणाली. “खाली लागली का वीतभर उडते. मंग परत पडते, हळूच. तवा निसती आवाज करते, लागत नाई.”

ही गोष्ट रामधनच्या ध्यानात आली नव्हती. त्यानं पाटा मागवला, त्यावर काळं कापड ओढलं आणि जानरावांना त्यावर खडे आपटायला लावले. खडे आपटले, उसळले, घरंगळले. चौथ्या वेळी ते बरोबर उसळले. कोणी काही सांगायची गरज पडली नाही, कारण भागिरथेनं दोन्ही हात डोक्यावर घेतले होते.

“बस,” रामधन म्हणाला. “झालं.”

जानराव शिडीवरून उतरले, घामेजलेले. भागिरथा त्यांच्यासमोर आली. “आता पायली का गार, पाटील?”

जानराव धोतर झटकत राहिले. उकंडरावांनी साखर सुपात गोळा केली. सव्वा शेर भरली. बाकीची कुठं गेली, यावर दोघा चुलतभावांत थोडी बोलाचाली झाली.

चार दिवसांनी फोटो आला. बारा इंच बाय पंधरा, जाड कागदावर. रामधन स्वतः घेऊन आला होता, इतका तो त्याच्या प्रेमात पडला होता. काळं आभाळ, आडवा झालेला गहू, वर पाहणारी बाई, पदरामागं अर्धी पोर. आणि सगळ्यातून तिरप्या, वेगानं येणाऱ्या गारा. पुढच्या पुसट, मागच्या धुकं झालेल्या, जमिनीपाशी उसळणाऱ्या. जमिनीवरच्या अगदी पुढ्यातल्या गारांवर बारीक काळे शिंतोडे होते. ते रामधनला अंधाऱ्या खोलीतल्या लाल दिव्यात दिसले होते. चिखल उडाला असणार असं त्यानं धरलं आणि मुद्दाम राहू दिले. गारेवर चिखल उडतोच. खरं काम असंच असतं, आपण न केलेलंही त्यात येतं.

भागिरथेला फोटो दाखवला, तेव्हा तिनं तो हातात घेतला नाही. उकंडरावांच्या ओसरीच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ लांबून पाहत राहिली.

“असंच होतं,” ती म्हणाली. “तो नाई फक्त.”

साहेब यायच्या आदल्या दिवसापर्यंत उकंडरावांचा पंधरा एकर गहू कापून, खळ्यावरून घरात आला होता. शेतात धसकटं. आता बोलायला राहिला फक्त फोटो.

साहेब देशावरचे, तरुण, नीटनेटके. त्यांनी आधी नाल्याचा पट्टा पाहिला. तिथं दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोडका हरबरा लोकांनी केव्हाच उपटून जनावरांना घातला होता. मग ते उकंडरावांच्या ओसरीवर येऊन बसले. कागद पुढं ठेवले गेले. सगळ्यांत वर फोटो.

“वा!” साहेब म्हणाले. “हा कोणी काढला?”

“कारंज्याचा हाय, साहेब. लग्नाचे फोटो काढाले आला होता तो. नेमका गारीत सापडला.”

“नशीबवान माणूस. असा फोटो मी वर्तमानपत्रातसुद्धा पाहिला नाही.” साहेबांनी तो गुडघ्यावर उभा धरला. उकंडराव जानरावांकडं पाहून जरा सैल बसले. ओसरीखाली अकरा घरची माणसं उभी होती, नाल्याच्या पट्ट्यातली. भागिरथा त्यांच्यात सगळ्यांत मागं.

तेवढ्यात साहेबांचा पट्टेवाला हरिसिंग चहा घेऊन आला. कपबशी खाली ठेवताना त्याची नजर फोटोवर गेली. भला माणूस. “साहेब, मुंगळे लागले,” म्हणून त्यानं फोटोवर फुंकर मारली. मुंगळे गेले नाहीत. त्यानं बाहीनं झटकले. तरी गेले नाहीत. त्यानं नखानं एक टोकरून पाहिला.

“काय करतोस?”

“मुंगळे, साहेब. जाऊन नाई राह्यले.”

साहेबांनी नकाशे वाचायचं भिंग काढलं. साहेबांनी पुढली मोठी गार पाहिली, तिच्याशेजारची पाहिली. पावणेदोन तास ढगाची वाट पाहिली होती रामधननं. तेवढ्या वेळात गावातल्या साऱ्या मुंगळ्यांना निरोप पोचला होता. एका गारेला पाच चिकटले होते, पाय सुद्धा मोजता येतील असे. दोघं मिळून एक खडा ओढत होते.

“उकंडराव,” साहेब शांतपणे म्हणाले, “तुमच्याकडे गारेला मुंगळे लागतात?”

“अं? नाई म्हंजे... मुंगळे कशाले बी लागते, साहेब.”

जानराव मदतीला धावले. “गारा खातात की, साहेब. आमचे पोरं वेचून वेचून खातात.”

“पोरं खातात. मुंगळे नाही खात.” साहेबांनी भिंग मिटलं. “ही बाई कोण? हजर आहे?”

भागिरथेला पुढं यावं लागलं. माणसांनी वाट करून दिली.

“फोटोत तुम्हीच?”

“हो.”

“गारा पडत होत्या तेव्हा तुम्ही इथं, या शेतात उभ्या होत्या?”

उकंडराव तिच्याकडं पाहत होते. ‘हो’ म्हणायला तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. एक शब्द होता. भागिरथेनं जानरावांकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

“नाई,” ती म्हणाली. “मी नाल्यापाशी होते, गाडीखाली. माहा मानूस हरबऱ्यात होता. त्याच्या डोक्यात बसली. ह्या गारा खोट्या हायेत, साहेब. त्या खऱ्या होत्या. अशाच होत्या, पन तिथं होत्या.”

साहेबांनी कागद चाळले. दारूचा शेरा काढावा म्हणून तिनं गुरुजींकडून लिहून घेतलेला अर्ज निघाला, त्याला टाचलेला मृत्यूचा दाखला निघाला. त्यांनी तो वाचला, परत वाचला.

“इथं दारू लिहिलंय. पोलीस पाटील, हे तुम्ही लिहिलं?”

हा क्षण जानरावांचा होता. कागद बदलायचं कबूल झालंच होतं. पण आता बदलायचं, म्हणजे आधी खोटं लिहिलं असं कबूल करायचं. आणि एक खोटं साहेबांच्या गुडघ्यावर उघडं पडलेलं असताना त्याच्या शेजारी आपल्या हातानं दुसरं आणून ठेवायचं. इतका तोट्याचा व्यवहार त्या घराण्यात कोणी केला नव्हता.

“हो साहेब. जसं दिसलं तसं लिवलं.”

“पाटील!” भागिरथा म्हणाली.

“वास येत होता,” जानराव म्हणाले. हे त्यांनी त्याच क्षणी रचलं होतं. पण एकदा तोंडातून निघाल्यावर ते मागं घेता येण्यासारखं नव्हतं.

साहेब माणूस वाईट नव्हता. ते भागिरथेशी बोलताना उठून उभे राहिले. “बाई, तुम्ही खरं सांगत असाल. पण तुम्ही या फोटोत उभ्या आहात. उद्या मला वरून विचारतील, खोट्या पुराव्यात सामील असलेल्या बाईच्या तोंडी शब्दावर तुम्ही दाखला कसा फिरवला? मी काय सांगू?”

“गार पडली होती असं सांगा.”

“कशावरून?”

भागिरथेनं हात उचलला. तिला ओसरीखालची अकरा घरची माणसं दाखवायची होती. पण ती माणसं आता जमिनीकडं पाहत होती. खोट्या फोटोच्या गावात कोण पुढं येऊन आपलं नाव सांगणार?

साहेबांनी जागेवर बसून लिहिलं: ‘सदर गावी गारपिटीचा विश्वसनीय पुरावा आढळून येत नाही.’ फोटो त्यांनी कागदांसोबत बांधून नेला.

झाल्या गोष्टीचा ताळेबंद असा. उकंडरावांचा पंधरा एकर गहू शाबूत घरात पडला, तुडवलेला पाव एकर बैलांनी खाल्ला. सारा भरावा लागला, तो ते दरसाल भरतच होते. दिवाळीनंतर ते सोसायटीवर बिनविरोध आले. रामधनला उरलेले निम्मे पैसे मिळाले नाहीत. पण फिल्म त्याच्याजवळ होती. त्यानं दुसरी प्रत काढली, पुढचे खडे कापून टाकले आणि ती दुकानाच्या काचेत लावली. वर्षभर लोक थांबून पाहत, आत येत. जानरावांना कोणी काही विचारलं नाही. साहेबांची यादी एका गावानं आखूड झाली, आणि आखूड यादी वर नेहमी आवडते. मुंगळ्यांनी पाऊण शेर साखर नेली. नाल्याकाठच्या अकरा घरांनी मोडलेल्या पिकावर पूर्ण सारा भरला. आणि वस्तीत चैत्राच्या पुनवेला पोरांना दारू सोडायची शपथ द्यायला दुसरा माणूस उभा राहिला. शपथ देताना त्यानं दारूपायी बांधावरून पडून मेलेल्या माणसाचा दाखला दिला, फक्त नाव घेतलं नाही, भागिरथा समोर बसली होती म्हणून. बाकी सगळ्यांनी जे दिलं ते कुठून ना कुठून भरून आलं. एक माणूस अठरा वर्षं प्यायला नाही, त्यानं कागदावर प्यालेल्या दारूचं भागिरथेनं भरलं, आणि पुढंही तीच भरत राहिली.